कमरेचा ताईत

परवा सुनेने तान्ह्या नातवाच्या कमरेला ताईत बांधला आणि मला घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलातला स्पिरिटचा वास आला. गिरणीच्या संपानंतरच्या वर्षातली गोष्ट. बायकोच्या किडन्या गेलेल्या, आयसीयूत तोंडात नळी, अंग सुजून टम्म. दोन दिवस हिला हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सिस्टरने तिचं मंगळसूत्रसुद्धा काढून माझ्या हातात दिलं होतं. पण आईने गावच्या देवाचा ताईत पाठवला होता, तो मी भेटायच्या वेळी चोरून तिच्या कमरेला बांधला. दुसऱ्या दिवशी गेलो, तर ती माझा हात धरून सारखी कमरेकडे ओढत होती. मला वाटलं, ताईत आहे ना, ते विचारतेय. म्हटलं, "आहे गं, आहे. गप पड." तिसऱ्या दिवशी सिस्टरने तिला कुशीवर वळवलं. ताईत सरकून पाठीखाली गेला होता आणि मांसात रुतून बसला होता. "हे कोणी बांधलं हो?" सिस्टरने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." बायको माझ्याकडे बघत होती. आठ दिवसांनी ती गेली. किडनीने गेली, त्या जखमेने नाही, असं सगळे म्हणाले. म्हणोत. माझा हात ती अजून ओढते. सुनेला मी एवढंच म्हटलं, "पोराला बोलता येईस्तोवर तो ताईत काढून ठेव."