बाबांच्या व्याख्यानातली सहावी चिठ्ठी

बाबांची थिअरी अशी होती, की दोन कृष्णविवरांनी एकमेकांना कितीही ओढलं तरी ठरावीक अंतरावर ती थांबतात, एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळलेला हा माणूस निवृत्तीनंतर दहा वर्षं तेवढंच लिहीत बसला होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण पेपर मी वाचते! दोन कृष्णविवरं एक झाल्याच्या लहरी शास्त्रज्ञांनी टिपल्या, ही बातमी पहिल्या पानावर बघितली. ते पान मी गुपचूप रद्दीत खाली सरकवलं.

आणि नेमकं पुढच्याच महिन्यात कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात बाबांचं व्याख्यान ठरलं. आमच्याकडचे श्रोते म्हणजे काय सांगू! तोंडावर ‘वा वा’ म्हणतील आणि प्रश्न असा विचारतील की वक्त्यानं पुन्हा माइक धरू नये. तिथं प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतात. त्या गोळा करून वाचायचं काम मी हट्टानं मागून घेतलं.

बाबा तासभर छान बोलले. सहा चिठ्ठ्या आल्या. पाच साध्याच होत्या. सहावीत लिहिलं होतं, ‘दोन विवरं मिसळल्याचं आता सिद्ध झालंय. मग आपल्या थिअरीचं काय?’ ती मी पर्समध्ये कोंबली आणि म्हटलं, “प्रश्न संपले.” बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “चिठ्ठ्या किती होत्या?”

“पाच.”

“सहा. सहावी मी शेजारच्या काकांकडून लिहून घेतली होती.”

“बाबा, तुम्ही ती बातमी...”

“घरातली रद्दी कोण बांधतं? मीच ना?” ते चप्पल काढत म्हणाले. “चुकलो म्हणून सगळ्यांसमोर सांगायचं होतं गं. आपणहून बोलायचा धीर होईना. कुणी विचारलं असतं तर बोललो असतो.”

मला रडूच फुटलं. त्यांनी थिअरीच्या वह्या माळ्यावर टाकल्या.

संघातली मंडळी रस्त्यात भेटली की अजून म्हणतात, “अहो, तुमची थिअरी फर्मास हं!” बाबा मान खाली घालून पुढे चालायला लागतात.