लाडवाच्या पाकिटावरची बाई

धामणी गावात त्या वर्षी मे महिन्यात दोन गोष्टी काही केल्या उतरत नव्हत्या. एक उन्हाचा पारा आणि दुसरी बेबीताईच्या अंगावरची शाल. राळेगावच्या बाजारात लोक डोक्याला दुपट्टे गुंडाळून सावली शोधत फिरत होते, घरोघरी कुलरसमोर माणसं आडवी पडली होती, आणि ही बाई भर दुपारी लोकरीची शाल लपेटून ओट्यावर बसलेली. येणारा-जाणारा विचारायचाच, "काहून व ताई, ताप आला काय?" ती म्हणायची, "शाल माह्या अंगावर हाये. तुमाले काहून घाम फुटून राह्यला?"

बेबीताई म्हणजे गावातल्या उभारी महिला बचत गटाची अध्यक्ष. गट सोयाबीनचे लाडू करतो. सोयाबीन उकळायचं, वाळवायचं, खमंग भाजायचं, दळायचं, मग गूळ-तीळ घालून वळायचं. हे लाडू राळेगाव-कळंबच्या दुकानांत जातात आणि पाकिटावर फोटो आहे खुद्द बेबीताईचा. डोक्यावर सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, एक हात कमरेवर, आणि चेहऱ्यावर भाव असा, की हिला कट्टा उतरव म्हणून सांगून तर पाहा. खाली तिनेच जुळवलेली ओळ: थकवा पळवा, उभारी मिळवा! कट्टा काही फोटोपुरता उचलला नव्हता. हंगामात ती असे कट्टे पुरुषांच्या बरोबरीने वाहायची.

मग गळ्याला गाठ आली. डिसेंबरात नागपूरला ऑपरेशन झालं, अख्खी थायरॉइड ग्रंथी काढली. नशीब, गाठीत वाईट काही निघालं नाही. सुटी देताना सांगितलं की ग्रंथी जे काम करत होती ते आता रोजची एक गोळी करेल; ती जन्मभर घ्यायची, सकाळी उपाशीपोटी. शिवाय काही महिने कॅल्शियमची गोळी. टाके सुकले, गळ्यावर बारीक आडवी रेघ राहिली. गावाने ती रेघ पाहिली आणि गावाच्या लेखी आजार संपला.

खरं तर तो तिथूनच सुरू झाला होता. सकाळी उठताना बेबीताईला आधी पाय हलवून पाहावे लागत, मग हात, मग एकेक करून सगळं अंग गोळा करून उभं राहावं लागे. केस फणीत पुंजक्याने येत. आवाज घोगरा झाला. मेच्या उन्हातही थंडी वाजायची. बोलता बोलता शब्द सुटायचा आणि मग ती चिडायची, स्वतःवर कमी, समोरच्यावर जास्त. ताप नाही, जखम नाही, खोकला नाही. थकवा दाखवायचा तरी कसा? बाई आजारी असली तर तिने निदान कण्हावं अशी लोकांची अपेक्षा असते. बेबीताई कण्हत नव्हती, भांडत होती. त्यामुळे लोकांनी एकच निष्कर्ष काढला, की बाई आळसावली.

तिचा नवरा नानाजी मात्र असं कधी म्हणाला नाही. तो तिच्या दुखण्याला घाबरला होता आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं: सेवा. रोज सकाळी एका ताटलीत थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी, गटाचा एक लाडू आणि पेलाभर गरम दूध घेऊन तो खाटेजवळ उभा राहायचा. "एका दमात आटपून टाक बेबी, मंग दिवसभर कटकट नाही." ती आटपायची. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोळीची ताकद दोनदा वाढवली. नानाजीने मग लाडूही एकाचे दोन केले.

मेच्या शेवटी गटाची बैठक झाली. लालीबाईने तोंड उघडलं. लालीबाई म्हणजे गटाची खजिनदार, कामाला वाघीण आणि जिभेला सुरी. तिची सून सुरभी पाकिटं चिकटवता चिकटवता पेंगायची, तेव्हा सगळ्यांदेखत "कामचोर" म्हणून तिचा उद्धार करणारी ती हीच. त्या दिवशी बैठक चालू असताना बेबीताईचा डोळा लागला. जेमतेम दोन मिनिटं. जाग आली तेव्हा सगळ्याजणी तिच्याकडेच पाहत होत्या.

"ताई, राग नोका मानू," लालीबाई म्हणाली, "पाकिटावर लिवलं हाये थकवा पळवा, अन् पाकिटावरची बाई बैठकीत घोरून राह्यली. गिऱ्हाइकानं पाह्यलं तं काय म्हणन? दिवाळीच्या आधी नवे पाकिटं छापाचे हायेत. फोटो नवा टाकू. अन् अध्यक्ष बी नवा."

कोणी हो म्हणालं नाही, पण नाही म्हणायलाही कोणी तोंड उघडलं नाही, आणि ते बेबीताईला जास्त लागलं. हा गट तिने उभा केला होता. कर्जाच्या फॉर्मवर अंगठा उठवणाऱ्या बायांना तिने सही शिकवली होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिने शालीच्या टोकाने पुसलं आणि उठून उभी राहिली. उभं राहायला वेळ लागला. तेवढा वेळ तिने सगळ्यांना बघायला लावलं.

"पोळ्यानंतरच्या बैठकीत ठरवा," ती म्हणाली. "तवरी खुर्चीले कोनी हात लावाचा नाही. मी आळशी नाही. माह्या अंगात काहीतरी पोचून नाही राह्यलं, अन् काय पोचून नाही राह्यलं ते मी हुडकून काढन."

दुसऱ्याच आठवड्यात ती नानाजीला घेऊन यवतमाळला गेली. कोणीतरी सांगितलं होतं की तिथे डॉ. शाल्मली म्हणून नव्या बाई आल्या आहेत, त्या पेशंटला बोलू देतात. बेबीताईला तेवढंच हवं होतं. तिने सगळे रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि सुरुवातच केली, "मॅडम, आराम करा म्हणाचं असन तं आताच सांगा, पावणेबाराची एस.टी. सापडन."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "गोळीची ताकद एवढी वाढवली तरी रक्तात काही फरकच नाही. गोळी चुकते का?"

"एक दिवस बी नाही!" नानाजी मध्येच बोलला. "मी सोता देतो."

"मग कशी देता ते मला करून दाखवा."

नानाजीने इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरची एक फाइल ताटलीसारखी हातात धरली आणि मोठ्या अभिमानाने सगळी सकाळ करून दाखवली. ही गोळी, ही दुसरी गोळी, हा लाडू, हे दूध. डॉक्टरबाईंनी विचारलं, लाडू कशाचा? तेव्हा बेबीताईने पिशवीतून पाकीटच काढून दिलं. बाईंनी पाकिटावरचा फोटो पाहिला, मग समोरची शालीतली बाई पाहिली, आणि पाकीट अलगद खाली ठेवलं.

"ताई, पोटात गेली म्हणजे अंगात गेली असं नसतं. ही गोळी फार नाजूक प्रकृतीची आहे. तिला रिकामं पोट आणि साधं पाणी लागतं. तुम्ही तिच्यासोबतच कॅल्शियम, दूध आणि सोयाबीन पाठवता. ते तिला रक्तात जाऊच देत नाहीत, बरीचशी तशीच बाहेर निघून जाते."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. उठल्या उठल्या गोळी साध्या पाण्याबरोबर. पुढे तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लाडू खा, खुशाल खा, सोयाबीन वाईट नाही, पण गोळीनंतर चार तास जाऊ द्या. आणि दोन दिवसांत जादू होणार नाही. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, मग गोळी कमी करायची की कशी ते ठरवू. तोवर आपल्या मनाने काहीच बदलायचं नाही.

एस.टी.त नानाजी खिडकीबाहेर पाहत बसला. कळंब आलं. मग म्हणाला, "म्हंजे सहा महिने मीच तुले..."

"तुमी लाडू देला, जहर नाही देलं," बेबीताई म्हणाली. "उगी बसा."

राग तिला आला होता, पण तो नवऱ्यावर नव्हता. मांडीवर पाकीट होतं आणि पाकिटावर ती स्वतः उभी होती, थकवा पळवा म्हणत. ज्या बाईला थकवा तीच हा लाडू घेणार. थकलेल्या बायांत कितीजणी ही गोळी खात असतील? आणि लाडू सकाळीच खात असतील, गोळीसोबत, चहासोबत. हसऱ्या तोंडाने आपणच तो त्यांच्या हातात दिला, हा विचार तिला बसू देईना.

दुसऱ्या दिवसापासून तिची सकाळ म्हणजे गावाला एक तमाशा झाला. आपल्याकडे उठल्यावर आधी चहा, मग देव. बेबीताईने गोळी पाण्याबरोबर घेतली, भिंतीवरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली. "चहा झाला काय?" रस्त्याने जाणारा विचारी. "पाऊण तास हाये अजून," ती सांगे. पाहुणे आले, जावई आला, कीर्तनकार महाराज आले. त्यांच्यासाठी चहा उकळला, हिने कपाला बोट लावलं नाही. नानाजीनेही तासभर चहा सोडला. ती नको म्हणाली तरी सोडला. पहिले चार दिवस त्याचं डोकं इतकं दुखलं की बैलसुद्धा त्याच्यापासून लांब उभे राहत.

जूनमध्ये काही झालं नाही. पेरण्या झाल्या, सगळं गाव वावरात आणि ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेली. लोक पाहत होते. तिने पाहू दिलं. दुपारी झोप आली की ती झोपायची, आणि झोपायची तर दार सताड उघडं टाकून. "लपून झोपाले मी काय चोरी केली?" जुलैत एका सकाळी ती शाल शोधू लागली. खुंटीवर नाही, खाटेवर नाही. पुन्हा विसरायला लागली की काय म्हणून नानाजीही शोधायला लागला. शेवटी शाल धान्याच्या कोठीमागे सापडली, वर धुळीचा थर. ती तिथे चार दिवसांपासून पडली होती आणि चार दिवसांत कोणालाच तिची गरज वाटली नव्हती. नानाजी शाल हातात धरून तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट जवळपास जागेवर आला. गोळी आता अंगी लागत होती, म्हणून डॉक्टरबाईंनी तिची ताकद थोडी उतरवली. थकवा समूळ गेला नाही. काही दिवस अजूनही दुपारपर्यंतच दम टिकायचा आणि कट्टा काही तिने पुन्हा डोक्यावर घेतला नाही. पण बेबीताईला आता अंदाज आला होता, आपल्यात किती आहे आणि ते कुठे खर्चायचं.

पोळा झाला. बैठकीत ती शालीशिवाय आली, चालत, आणि सगळ्यांच्या आधी. लालीबाई मनाची कोती नव्हती. तीच म्हणाली, "ताई ठणठणीत झाल्या. फोटो बी राहू द्या, अध्यक्ष बी राहू द्या. विषय खतम."

"नाही खतम," बेबीताई म्हणाली. "नव्या पाकिटावर एक ओळ छापाची हाये." आणि तिने कागद वाचून दाखवला: थायरॉइडची गोळी घेत असाल, तर गोळी आधी साध्या पाण्याबरोबर घ्या. लाडू चार तासांनी.

एकदम कल्ला झाला. आपल्याच लाडवाची आपणच बदनामी? गोळी न् लाडू एका ओळीत वाचून कोण विकत घेईल? दुसरे कोणी छापतात का असं? लालीबाईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "हे छापाचं असन, तं खुर्ची सोडा अन् मंग बोला. तीन महिने तुमच्यासाठी थांबलो आमी, ते याच्यासाठी काय?"

म्हणजे जे हातात आलं होतं ते पुन्हा गेलं. गप्प बसली असती तर सगळं तिचंच होतं. बेबीताईने कागदाची घडी केली नाही.

"सोडतो खुर्ची," ती म्हणाली. "पन माहा फोटो हाये त्या पाकिटावर. माह्या तोंडानं मी कोन्या बाईले असं नाही निजवनार जसं मी सहा महिने निजलो. ओळ छापा, नाही तं फोटो फाडा."

तेवढ्यात मागून, पाकिटांच्या ढिगाजवळून, बारीक आवाज आला. "चार तासांनी म्हंजे... चहासंग नाही चालत काय?"

सुरभी होती. लालीबाईची सून, पेंगणारी, कामचोर. सगळ्या माना वळल्या तशी ती लाल झाली, पण बसली नाही. "मी बी तेच गोळी घेतो. दोन वर्स झाले. आत्याबाई सकाळी चहा अन् लाडू देतात, त्याच्यासंगच घेतो. ताकद यावी म्हनून."

लालीबाईने सुनेकडे पाहिलं. मग ती पदराने तोंड पुसत राहिली. जमनाबाई गटात सगळ्यांत म्हातारी, तिने विचारलं, "मंग? ओळ छापाची काय?" पहिला हात सुरभीचा वर गेला. नंतर कोणाचा कितवा ते कोणी पाहिलं नाही, पण सगळ्यांत शेवटी लालीबाईचा होता, आणि तो सगळ्यांत उंच होता.

खुर्चीचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही, आणि नवा फोटो काढायला राळेगावहून फोटोवाला अंकुर आला. या खेपेला डोक्यावर कट्टा नव्हता. बेबीताई ओट्यावर बसली, हातात पाण्याचा पेला, पदर मागे, गळ्यावरची रेघ स्वच्छ दिसेल अशी. अंकुर म्हणाला, "काकू, थे रेघ मी कॉम्प्युटरवर पुसून टाकतो." ती म्हणाली, "पुसून तं पाय." त्याने पुसली नाही.

पाकिटं छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, बेबीताई लालीबाईच्या घरावरून चालली होती. आतून लालीबाईचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमत होता. बेबीताईच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा त्या पोरीवर बरसली वाटतं, म्हणून ती सरळ फाटकात शिरली. अंगणात सुरभी पाटावर बसलेली, चुलीशेजारी एक कप बशीने झाकलेला, आणि लालीबाई भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसलेली.

"हात नोको लावू त्या कपाले!" ती सुनेवर ओरडत होती. "वीस मिनिटं हायेत अजून!"