साखळीला टेकलेलं कपाळ

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी खंडोबाशी मनातल्या मनात भांडत होते. नऊ दिवसांपूर्वी लातूरला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोठ्या आतड्यातला बराच मोठा पॉलिप, आत वाढलेला मांसाचा कोंब, दुर्बिणीतून काढला होता. कापल्या जागी बारीक क्लिपा लावून डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम आत आहे, दुखणार नाही, म्हणून ती भरली असं समजू नका. दोन आठवडे जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. रक्त उशिरानेही सुटू शकतं. सूचनांचा कागद इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी, म्हणून तो वाचून पथ्य सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं.

रेणापूरजवळच्या आमच्या गावात देवाचा लंगर तोडण्याचा मान आमच्या घराचा. लोखंडी साखळी दोन्ही हातांनी ओढून हिसड्यानं तोडायची. स्वतःच्या लग्नाआधीपासून आप्पाच ती तोडत आलेले.

"देवाच्या कामात जोर लागत नसतोय," ते म्हणाले. "अन् दुखतंय का कुठं? न्हाई."

देव आणि वडील यांच्यामध्ये उभी राहणारी मी कोण? खंडोबाकडे मी एवढंच मागितलं, मला बोलता येत नाही, तूच सांग त्यांना.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं साखळी आली. बिलोलीकडून आलेल्या एका अनोळखी, म्हाताऱ्या वाघ्यानं विचारलं, "मानकरी कोण?" आप्पा पुढे झाले आणि मी बोलून गेले, "आप्पा आज तोडणार नाहीत. त्यांच्या पोटात ओली जखम आहे."

"इंग्लिश शाळेनं आता देवालाबी पथ्य लावलं बघा," चुलतकाका म्हणाले. सगळे हसले. आप्पांनी मान खाली घातली, ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

वाघ्यानं आप्पांना भंडारा लावला. "मल्हारीला साखळी तुटलेली पाहिजे, माणूस न्हाई. तुमी कपाळ टेकवा, मालक. हिसका मी देतो."

 आप्पा साखळीला कपाळ टेकवून बाजूला झाले. ती तुटली, भंडारा उधळला. नंतर तो वाघ्या कुणालाच दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या शौचातून रक्त गेलं. पूर्वी असंच जाणारं रक्त त्यांनी लाजेपोटी कित्येक महिने लपवलं होतं. या वेळी त्यांनी अंगणातूनच मला हाक मारली. आम्ही लगेच लातूर गाठलं. एक क्लिप निसटली होती, डॉक्टरांनी त्याच दिवशी नवी बसवली. वेळेवर आलात, ते म्हणाले. साखळी ओढली असती तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी आप्पा शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना सांगत होते, "रक्त दिसलं की लाजायचं न्हाई, सांगायचं. माझी लेक पाव्हण्यांपुढं पाणीबी मागत न्हाई. ती सगळ्या गावापुढं बोलली."

मी पाठमोरी होऊन गोळ्या लावत राहिले. बोलणं माझ्या स्वभावात नव्हतं, मागे सरणं आप्पांच्या. ज्यानं दोन्ही करवून घेतलं, त्याच्यावर मी सगळं सोपवलं आहे. अभिमान तेवढा माझ्याकडे ठेवला आहे.