दुसरा साक्षीदार

"साक्षीदार कोण?"

एक पाय चपलेत, दुसरा मोकळा, हात आमच्या दाराच्या कडीवर. निघतो म्हटल्यावरही काका अर्धा तास असेच उभे असत. तेवढ्यात मी एखादा नवा शब्द सांगितला की हा प्रश्न यायचाच.

कल्याणला दस्तनोंदणीच्या कचेरीत त्यांची नोकरी झाली. दोन साक्षीदारांशिवाय कागद पुढे सरकू द्यायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आम्ही डोंबिवलीत शेजारी, आणि आपल्या भागातल्या बोलींच्या एका इंटरनेटवरच्या शब्दकोशाचे बिनपगारी तपासनीस. तिथे कोणीही शब्द टाकावा, इतरांनी 'आमच्याकडेही म्हणतात' हे बटण दाबावं. काकांना ते पुरत नसे. दोन वेगळ्या घरांतली दोन माणसं हवीत, आणि शब्द न विचारता त्यांच्या तोंडून आलेला हवा. असे गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असतील. मीटिंगमध्ये तुम्ही त्यांच्यापासून लांब बसत असाल.

एकदा कोणीतरी 'गंपट' टाकला. अर्थ: कोलशेतकडे खाडीवरून येणारा वारा. दोन दिवसांत साठ जणांनी बटण दाबलं. काका बसने कोलशेतला गेले आणि एका मासे विकणाऱ्या बाईंसमोर तासभर वाऱ्याचा विषय काढत राहिले. शेवटी न राहवून विचारलंच.

"वाऱ्याला आमी वाराच बोलताव," बाई म्हणाल्या. "तुमाला बोंबील देऊ का?"

काका शाकाहारी. बोंबील आमच्याकडे आले आणि शब्द कोशातून गेला. तिसऱ्या दिवशी त्या साठांनी तो परत आणला. खाली एकाने लिहिलं होतं, "हे अंकल कोण ठरवणारे?"

मीही हसायचो. पण एका शब्दापाशी माझं हसू थांबलं.

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं माहेर आंबिवलीचं. निघतो म्हणून दारातच रेंगाळणाऱ्यांच्या गप्पांना त्या 'दारखोळंबा' म्हणत. "यांचा दारखोळंबा आटपेपर्यंत भात होईल," असं. आमच्या दारात उभे राहून काका हे किती वेळा सांगत, त्याला गणती नाही. हा एवढा एक शब्द त्यांना कोशात हवा होता. त्यांनी तो नोंदवला आणि पुढे स्वतःच लिहिलं: साक्षीदार एक, मंजूर नाही.

दोनदा आंबिवलीला मेहुण्याकडे जाऊन आले. निघताना मुद्दाम दारात रेंगाळले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, ताई काहीपण बोलायची. आपल्यात असं कोण नाय बोलत."

हे सांगताना काका आमच्या दाराची कडी नुसतीच वरखाली करत होते. मला ते बघवेना.

"आमच्याकडे म्हणतात की," मी म्हटलं.

"कोण?"

"आई."

"तुमची आई सोलापूरची ना?"

मला मान डोलवावी लागली.

"खोटी साक्ष देऊ नका हो. तिच्या शब्दाला तर नकोच." त्यांनी दुसरी चप्पल चढवली आणि ते गेले. इतक्या लवकर ते कधीच गेले नव्हते. मला फार लाज वाटली.

यंदा दिवाळीआधी काका वारले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी शब्दांची वही द्यायला आली. निघते म्हणाली, आणि एक पाय चपलेत घालून वडिलांबद्दल बोलत राहिली. मीही तिच्यासमोर उभा.

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "अगं, तुमचा दारखोळंबा होईस्तोवर पोहे गार झाले. आत या बघू."

मुलगी रडायला लागली. बायको गोंधळून बाहेर आली.

"हा शब्द कुठला?" मी विचारलं.

"कुठला म्हणजे? म्हणतो की आपण."

काकांकडूनच तिने तो उचलला, हे मला कळत होतं. पण साठांनी 'गंपट' कुठून उचलला हे कोणालाच सांगता येणार नाही; हिने हा आमच्या दारातून उचलला होता.

मुलगी पोहे खात असतानाच मी ती नोंद उघडली. साक्षीदार दोन केले, बायकोचं नाव घातलं, ठिकाण डोंबिवली. पुढे 'न विचारता' असंही लिहिलं, आणि मंजूर केलं.