टाका, खपली आणि माझा टी-जॉइंट

आमच्या वेल्डिंगच्या दुकानात कापलेल्या लोखंडाचे तुकडे कोपऱ्यात साचत जातात. अधूनमधून भंगारवाला येऊन ते घेऊन जातो. किस्सेही तसेच साचतात, पण ते न्यायला कोणी येत नाही! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू येतं.

दुकान सोनाळ्यात, आमच्या घराला लागूनच. काम करतात दोघं, बाबा आणि त्यांचे जुने कारागीर गजूकाका. मला दहावीनंतर आयटीआयला एक वर्षाचा वेल्डर ट्रेड घ्यायचा आहे. फॉर्मवर बाबांची सही हवी. मी विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पोरीचं काम नाही ते." फॉर्म दप्तरात गेला.

* * *

एकदा एक शेतकरी वखराची तुटलेली पास, म्हणजे लोखंडी पातं, घेऊन आला. गजूकाकांनी दोन्ही तुकडे जुळवले, हलू नयेत म्हणून दोन ठिकाणी टाके मारले आणि चहा प्यायला आत गेले. बाहेर येऊन पाहतात तर पास गायब! झालं समजून माणूस शेतात गेला होता.

दुपारी तो परत आला, दोन हातांत दोन तुकडे.

"काय बे गजू, कसं जोडलं हे?"

"जोडलं कुठी? मी तं नुसतं पकडून ठेवलं होतं!"

* * *

वेल्डिंग झाल्यावर जोडावर काळी खपली धरते. ती ठोकून काढली की खाली चकचकीत जोड दिसतो. शेजारच्या काकू लोखंडी पलंगाचा पाय जोडायला आल्या होत्या. काकांनी जोडला आणि लगेच हातोडीनं खपली उडवायला लागले. काकूंनी त्यांचा हातच धरला.

"लावलं बी तूच, अन् काढून बी तूच राह्यला!"

काकांनी खूप समजावलं. काकू जाताना खपलीचे तुकडे पदरात बांधून घेऊन गेल्या. परत लागले तर असावेत!

* * *

पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड ओलावतात आणि जोडात बारीक छिद्रं पडतात. म्हणून भाकऱ्या झाल्या की आई गरम तव्यावर रॉड ठेवते. एका सकाळी त्याच काकू स्वयंपाकघरात डोकावल्या.

"काय भाजून राह्यली वं?"

"यायच्या दुकानाचे रॉड," आई म्हणाली.

काकूंनी तव्यावर वाकून पाहिलं. "उलटवत जाय, नाहीतर एका बाजूनं करपतीन!"

* * *

जॉइंट पाच प्रकारचे. मी पुस्तकातून नावं वाचायची आणि गजूकाका दुकानाच्या दारात उभे राहून हातांनी करून दाखवायचे. दोन तळहात टोकाला टोक लावून सपाट, म्हणजे बट. एकावर एक थोडा चढवला, की लॅप. एका हातावर दुसरा उभा, टी. दोन्हींचा कोपरा केला, कॉर्नर. शेवटचा एज. त्यात दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून समांतर असतात, म्हणून काकांनी दोन्ही हात जोडले.

रस्त्यानं मोटरसायकलवर चाललेल्या एका आजोबांनी करकचून ब्रेक मारला. "राम राम, राम राम!" म्हणत आत आले, बसले, चहा प्यायले. तासभर गप्पा झाल्यावर काकांना विचारलं, "पण तुमी कोणाचे हो?"

* * *

मी पहिल्यांदा रॉड धरला तेव्हा तो पट्टीला चिकटला. घाबरून ओढला, तर पट्टीही सोबत उचलून आली! काका म्हणाले, "लेकी, भिऊन जवळ नेलं का चिकटते, दूर धरलं का ठिणगी विझते. रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेव." त्यानंतर रोज दुपारी मी भंगाराच्या पट्ट्या जोडायची. बाबा बघायचे.

* * *

फॉर्मचा शेवटचा दिवस. ट्रॉलीचा तुटलेला हुक घेऊन आमचे नेहमीचे गिऱ्हाईक पुंडलिकभाऊ बसले होते. गजूकाकांनी माझा टी-जॉइंट बाबांपुढे ठेवला. एकाच बाजूनं जोडलेला.

"दादा, दुसऱ्या बाजूनं घन मारा. जोड तुटला तं फॉर्म मी सोता फाडतो."

बाबांनी घन उचलला आणि हळूच मारला.

"बाबा, जोरात मारा," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

बाबांनी तीन घाव घातले. उभी पट्टी आडवी झाली.

"वाकलं ना हे!" पुंडलिकभाऊ म्हणाले.

"लोखंड वाकलं, भाऊ. जोड पाहा!" काका म्हणाले.

बाबांनी जोडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठेच चीर नव्हती. "फॉर्म कुठी हाय?" त्यांनी विचारलं. मी दप्तर आणेपर्यंत त्यांनी हात धुतले होते. सही केली आणि गाडीची किल्ली घेतली.

पुंडलिकभाऊ उठले. "मंग माया हुक पोरीच्याच हातानं जोडून द्या ना!"

"आज नाही जमत," बाबा म्हणाले. "ती शिकाले जाऊन राह्यली. पुढच्या साली या!"