तेराचा पाढा आणि उस्तादांचा श्वास

आदरणीय रामराव जगदाळे, म्हणजे आमचे उस्ताद, यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्यावर चार चांगले शब्द लिहा, असं गौरव अंकाच्या मंडळींनी सांगितलं आहे. लिहिते. पण गोड लिहिता येणार नाही.

माझी त्यांची पहिली गाठ भांडणातून पडली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. थोरला भाऊ लाठी शिकायला जायचा, तो एक दिवस दंडावर वळ घेऊन आला. मी तशीच आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या मैदानावर जाब विचारायला गेले. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि लाठी माझ्याच हातात दिली. "घ्या बाई, आम्हाला मारा." मी पाच-सहा घाव घातले, त्यांनी ते नुसते अडवले, आणि मीच धापा टाकत खाली बसले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण श्वास कोंडून मारतेस. पाढा म्हणत मार. तेराचा."

"येत नाही. चौथीत शाळा सुटली."

"मग बेचा म्हण. तेराचा इथे येईल."

आला. लढताना दोघांनीही मोठ्याने पाढा म्हणायचा, ही उस्तादांची पद्धत. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. आमचं गाव हिंदी मुलखातलं; हिंदी घरांतली मुलं 'तेरह दूनी छब्बीस' ओरडत, आम्ही 'तेरा दुणे सव्वीस'. नियम एकच होता: जीभ थांबली की लढत थांबली.

तो नियम त्यांनी कुणासाठीही मोडला नाही. एकदा जत्रेतल्या सामन्यात मी जिंकत होते. जोशात येऊन पाढा विसरले. उस्तादांनी मध्येच आपली लाठी आडवी घातली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, दोन घावांत ती पडली असती!"

"दोन घावांत तू पडली असतीस. ओठ बघ आरशात, निळे पडलेत."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तेच दारात आले आणि म्हणाले, "रागावून झालं असेल तर लाठी घे."

माझ्या मुलीच्या वेळी कळा सोसवेनात, तेव्हा मी दवाखान्यात तेराचाच पाढा धरला. नर्स दुसरीला म्हणाली, "देख तो, मास्टरनी जी पहाड़े सुना रही हैं!" दुसऱ्या दिवशी उस्ताद डिंकाचे लाडू घेऊन आले. मुलगी की मुलगा, हे विचारलंच नाही. "कुठपर्यंत पोचलीस?"

"तीनदा पुरा झाला."

"श्वास?"

"कोंडला नाही."

तेव्हा कुठे त्यांनी पाळण्यात बघितलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही. पहाटे मैदान झालं की उस्ताद दिवसभर दगड कापायच्या कारखान्यात जात. तीस वर्षं गेले. तोंडाला एक रुमाल, बाकी सगळी धूळ आत. आम्हाला श्वास सांभाळायला शिकवून ते रोज तिथे जात होते, आणि आमच्यापैकी एकालाही त्याचं काही वाटलं नाही.

मग शिकवताना ते मध्येच थांबायला लागले. "तेरा सक..." म्हणत आणि गप्प होत. आम्हाला वाटलं, परीक्षा घेतायत. आम्ही एका आवाजात ओरडायचो, "अठ्ठ्याहत्तर!" ते मान हलवत, पुढची ओळ घेत. पुढे ते चौथ्या ओळीला थांबू लागले, मग तिसऱ्या. आम्ही आणखी जोरात ओरडलो. पाढा पक्का असल्याची कोण घमेंड! असे दोन हिवाळे गेले. समोरच्याचा श्वास ओळखायला शिकलेली आम्ही माणसं. जीभ थांबली होती, आणि लढत कुणीच थांबवली नाही.

आता त्यांच्या खाटेशेजारी प्राणवायूचं मशीन आहे, नाकात नळी आहे. डॉक्टर म्हणाले, छातीत बसलेली ती धूळ निघत नसते. औषध नेमाने चालू आहे, उतार काही नाही. मैदानावर आता गाड्या लावतात.

मी एकदा विचारलंच, "तेव्हा बोलला का नाहीत?"

तुकड्या तुकड्यांत ते म्हणाले, "तुम्ही ओरडायचात... तेवढ्यात मला... एक श्वास मिळायचा."

ते हे समजुतीसाठी बोलले. माझी समजूत पटलेली नाही, पटणारही नाही.

रोज गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे पोचवून झाले की मी त्यांच्याकडे जाते. ते पाढा सुरू करतात. दिवाळीत तीन ओळी व्हायच्या. आता "तेरा एके" एवढंच होतं. "तेरा" मी म्हणते. हळू म्हणते, जितकं लांबवता येईल तितकं लांबवते, आणि तेवढ्या वेळात त्यांची छाती वर येते का ते बघते. बघायला आता शिकले.

लेखाच्या शेवटी शतायुष्य चिंतायचं, असं मंडळींनी बजावलं आहे. शंभर वर्षं मागायचं तोंड मला नाही. हा अंक त्यांच्या हातात पडेल तेव्हा वाचून दाखवायला मी असेन, ऐकायला ते असावेत. उद्या सकाळी मी दारात चपला काढताना आतून "तेरा एके" ऐकू यावं, देवाकडे एवढंच मागते. परवाचं परवा मागेन.