उभं राहू नका

मी शिकवतो ती शाळा मढजवळच्या धरणापलीकडं आहे. रोज मला होडीतून नेणाऱ्याचं नाव मी नऊ वर्षांत विचारलेलं नाही. होडी निघाली की तो दमलेल्या कंडक्टरसारखा म्हणतो, "उभं ऱ्हाऊ नका, राव." कोणी ऐकत नाही, आणि तोही वळून बघत नाही.

परवा एक पाहुणे घरच्या पूजेचं निर्माल्य सोडायला उभे राहिले आणि पिशवीसकट पाण्यात गेले. सगळे त्याच अंगाला धावले.

"आदी खाली बसा!" तो ओरडला.

"अरे, उडी मार की!" पाहुण्यांचा भाऊ किंचाळत होता.

त्यानं होडी सावकाश वळवली, लांबूनच वल्हं पुढं केलं, आणि पाहुण्यांनी ते घट्ट धरल्यावर त्यांना मागच्या बाजूनं आत ओढून घेतलं. काठ येईपर्यंत भाऊ त्याला शिव्या घालत होता. तो वल्हवत राहिला.

सगळे गेल्यावर तो डब्यानं होडीतलं पाणी उपसत असताना मी त्याला विचारलं, "उडी का नाही मारलीत?"

"मला पवाय येत न्हाई, गुरुजी," तो म्हणाला, आणि उपसत राहिला.

हल्ली तो तोंड उघडायच्या आधीच मी खाली बसलेला असतो.